खाडीचा नकाशा आणि कोळंबीचे रोग: अंतर पाण्याच्या वाटेने मोजायला हवे

धागाकर्ता: खाडीकाठ

गेल्या वर्षी मार्च महिन्यात एका सकाळी माझ्या दुसऱ्या क्रमांकाच्या तलावातला चेक ट्रे (कोळंबीने खाद्य खाल्ले का ते पाहायची जाळीची थाळी) वर काढला, तेव्हा रात्री घातलेले खाद्य त्यात जसेच्या तसे होते. बांधाजवळच्या उथळ पाण्यात पाच-सहा कोळंब्या येऊन थांबल्या होत्या आणि हात जवळ नेला तरी त्या आत पळत नव्हत्या. एकीच्या डोक्यावरचे कवच सोलून उजेडाकडे धरले, तर त्याच्या आतल्या बाजूला मोहरीहूनही बारीक पांढरे ठिपके दिसले. पुढचे सांगायला नको. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू तलावात शिरला की तीन ते दहा दिवसांत सगळे पीक जाऊ शकते. माझे सहाव्या दिवशी गेले. पाणी खाडीत न सोडता तलावातच ब्लीचिंग टाकून ठेवले, एवढेच माझ्या हातात होते.

हा धागा त्या नुकसानीबद्दल नाही. त्यानंतर मी जो नकाशा करायला घेतला आणि त्यात जी चूक केली, त्याबद्दल आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि पालघरमधल्या संवर्धकांनी ती चूक टाळावी, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या खाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की शेजाऱ्यांचे तलाव ओळखू येतील.

आमच्या खाडीवर त्या हंगामात चार ठिकाणी रोग आला. मी क्यूजीआयएस हे नकाशे करायचे, मोफत मिळणारे सॉफ्टवेअर संगणकावर घेतले, मोबाईलवर प्रत्येक तलावाचे अक्षांश-रेखांश नोंदवले आणि माझ्या तलावाभोवती २ किमीचे वर्तुळ काढले. वर्तुळाच्या आतले तलाव धोक्याचे आणि बाहेरचे सुरक्षित, असा माझा सरळ हिशोब होता. नकाशा पाहिल्यावर तो हिशोब कोलमडला. माझ्यापासून दीड किमीवर, सड्याच्या (खडकाळ पठाराच्या) पलीकडे असलेला तलाव पूर्ण हंगाम निरोगी राहिला होता आणि त्याचे पीक चांगल्या वजनावर निघाले. उलट आत वरच्या अंगाला जवळजवळ ६ किमीवर असलेल्या तलावात माझ्यानंतर नवव्या दिवशी रोग दिसला. कारण कळायला वेळ लागला नाही. सड्यापलीकडचा तलाव दुसऱ्याच खाडीचे पाणी घेतो. त्याच्या पंपापासून माझ्या पंपापर्यंत पाण्यानेच जायचे म्हटले, तर एका मुखातून समुद्रात बाहेर पडून दुसऱ्या मुखातून आत यावे लागेल, आणि हे अंतर पंचवीस किमीच्या वर जाते. वरचा तलाव मात्र माझ्याच पाण्यावर आहे.

आपल्याकडे पश्चिमेला वाहणाऱ्या आखूड नद्या, मध्ये जांभ्याचे सडे आणि प्रत्येक नदीची वेगळी खाडी, अशी रचना आहे. जयगड, भाट्ये, पूर्णगड आणि जैतापूर या खाड्या नकाशावर एकमेकींच्या शेजारी दिसतात, पण पाण्याच्या हिशोबाने त्या वेगवेगळ्या आहेत. सपाट किनाऱ्यावर वर्तुळ काढून कदाचित निभावेल. कोकणात वर्तुळ दोन्ही बाजूंनी फसवते. ज्याला भीती नाही त्याला ते घाबरवते आणि ज्याने सावध व्हायला हवे त्याला निर्धास्त ठेवते.

हे इतरांनी आधीच ओळखले आहे. १९९८ मध्ये स्कॉटलंडमध्ये सॅमन माशांत संसर्गजन्य रक्तक्षयाचा रोग आला, त्यानंतर तिथल्या मत्स्यशेतांचे गट पाडताना एका भरती-ओहोटीत पाणी किती लांब जाते हे माप धरले गेले. मुख्य भूमीच्या किनाऱ्याला ते सुमारे ७ किमी मानले आणि शेटलंड बेटांजवळ त्याच्या निम्मे. नॉर्वेने आपला किनारा १३ उत्पादन क्षेत्रांत विभागला आहे आणि सॅमनवरच्या उवांचा रानटी माशांवर किती परिणाम होतो हे पाहून २०१७ पासून प्रत्येक क्षेत्राला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिला जातो. उत्पादन वाढवायचे की घटवायचे ते त्या रंगावर ठरते. ही क्षेत्रे आखताना पाण्याचे प्रवाह विचारात घेतले आहेत. आपल्या खाडीचेही साधे गणित करून पाहा. भरतीचे पाणी सरासरी सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने आत चढत असेल, तर सहा तासांत ते सुमारे साडेसहा किमी आत जाते. माझ्या आणि वरच्या तलावामधले अंतर साधारण एवढेच आहे.

मात्र सॅमनचे पिंजरे उघड्या पाण्यात असतात आणि आपले तलाव तसे नसतात, हा फरक फार महत्त्वाचा आहे. आपला तलाव खाडीला जोडला जातो तो फक्त पंप चालू असताना किंवा मोरी (पाणी सोडायचे बांधातले दार) उघडलेली असताना. म्हणून नकाशावर तलावाचा मध्यबिंदू नोंदवून काही साधत नाही. पाणी घेण्याची जागा आणि पाणी सोडण्याची जागा असे दोन बिंदू हवेत, आणि त्या दोन्हींपाशी कोणत्या तिथीला, किती वाजता, किती तास पाणी घेतले किंवा सोडले याची वही हवी. आमच्याकडे अकरा संवर्धकांपैकी सात जणांनी अशी वही ठेवायला सुरुवात केली आहे. ती वही नकाशाला जोडली की, आज अमुक ठिकाणी रोगाचा संशय आहे तर पुढच्या दोन दिवसांत कोणी पंप बंद ठेवावा, हे सांगता येते. मला नकाशाकडून एवढेच हवे आहे.

जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

प्रतिसाद: नकाशावेडा

विषय अतिशय महत्त्वाचा आहे. भूमाहितीचे काम रोज करत असल्यामुळे काही गोष्टी तातडीने सांगतो.

पहिली गोष्ट बिंदूंची. मोबाईल अक्षांश-रेखांश दोन प्रकारे दाखवतो: अंश-मिनिटे-सेकंद आणि दशांश अंश. वहीत लिहिताना यांची सरमिसळ होते. उदाहरणार्थ, रत्नागिरीजवळचा बिंदू १६ अंश ५९ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश १८ मिनिटे पूर्व असा आहे. तोच कोणी १६.५९ आणि ७३.१८ असा भरला, तर संगणक तो बिंदू चाळीस किमीहून अधिक दक्षिणेला, विजयदुर्गासमोर भर समुद्रात नेऊन ठेवतो. समुद्रात पडलेला बिंदू निदान डोळ्यांना दिसतो. दोन-तीन मिनिटांचीच चूक असेल, तर तलाव पलीकडच्या खाडीवर जाऊन बसतो आणि कोणाला संशयही येत नाही. म्हणून प्रत्येक बिंदू उपग्रह-चित्रावर ठेवून त्या संवर्धकाला समोर बसवून दाखवावा. अंतर मोजण्यापूर्वी नकाशाचे सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत आणावेत, नाहीतर सॉफ्टवेअर मीटरऐवजी अंशांत मोजत बसेल.

पाण्याच्या वाटेचे अंतर काढणे अवघड नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटर बारकाईची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यांतून पाणी वेगळे करून खाडीचा आकार काढावा, त्याचे चौकटींत रूपांतर करावे, पाण्याची चौकट ओलांडता येईल आणि जमिनीची येणार नाही असे मूल्य द्यावे, आणि मग दोन पंपांमधली सर्वांत कमी ‘खर्चाची’, म्हणजे पाण्यातून सर्वांत जवळची, वाट काढायला सांगावे. चित्र मात्र मार्च-एप्रिलचे घ्यावे. जुलैचे घेतले तर भाताची खाचरेही पाणी म्हणून येतात, आणि मुळात पावसाळ्यात ढगांमुळे जमीन दिसतच नाही. त्या दिवसांत सेंटिनेल-१ ची रडार चित्रे उपयोगी पडतात, कारण ती ढगांतून आरपार घेता येतात. आणखी एक काळजी घ्यावी: कोळंबीचे तलावही चित्रात पाणीच दिसतात. ते आधी वगळले नाहीत, तर संगणकाची वाट तुमच्या तलावांमधूनच जाईल.

प्रतिसाद: पाऊणपट

माझा जन्म होडीत गेला आहे, संगणकातले मला फार कळत नाही, परंतु वेळेविषयी सांगण्यासारखे आहे. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशोब मुखाजवळचा आहे. खाडीत जितके आत जाल तितका उशीर होतो. मुखाशी ओहोटी लागलेली असते आणि आत पाणी अजून चढत असते. खालच्या माणसाने ‘ओहोटी लागली, आता घाण पाणी सोडतो, बाहेर जाईल’ असे म्हणून मोरी उघडली आणि त्याचा तलाव मुखापासून बराच आत असला, तर ते पाणी वर चढू शकते. म्हणून वहीत तिथी व घड्याळाबरोबर त्या जागी पाणी चढत होते की उतरत होते हेही डोळ्यांनी पाहून लिहावे. उधाणाच्या मोठ्या भरतीला आणि भांगाच्या लहान भरतीला पाणी सारख्या अंतरावर जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

मत्स्यरोगांच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे. खाडीकाठ यांचे निरीक्षण मोलाचे आहे, पण त्यावरून काढलेल्या निष्कर्षाबाबत मला सावध करावेसे वाटते. वरच्या तलावात नवव्या दिवशी रोग आला, म्हणजे तो पाण्यानेच आला असे ठरत नाही. दोघांनी एकाच हॅचरीचे (पिल्ले तयार करणाऱ्या केंद्राचे), एकाच खेपेचे बीज, म्हणजे पिल्ले, सोडले होते का? एकच जाळे दोन्हीकडे वापरले गेले का? बीजातूनच विषाणू आला असेल, तर दोन तलावांमध्ये शंभर किमी अंतर असले तरी रोग एकाच आठवड्यात दिसू शकतो. म्हणून नकाशावर पाण्याच्या वाटेचा एक थर आणि बीजाच्या खेपेचा दुसरा थर असायला हवा, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहायला हवेत.

दुसरे म्हणजे, रोगानुसार नकाशाचा अर्थ बदलतो. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू पाण्यातून, खेकड्यांतून आणि मेलेल्या कोळंबीतून पसरतो, त्यामुळे शेजार महत्त्वाचा. व्हनामी जातीच्या कोळंबीची वाढ खुंटवणारा ईएचपी हा सूक्ष्म परजीवी मात्र निराळा आहे. २००९ मध्ये थायलंडमधल्या टायगर कोळंबीतून त्याचे वर्णन झाले. त्याने कोळंबी एकदम मरत नाही. ती लहान-मोठी होते, खाद्य खाते आणि वजन धरत नाही. त्याचे बीजाणू तलावाच्या तळाच्या मातीत टिकतात. तिथे शेजाऱ्यापेक्षा तलावाचा स्वतःचा इतिहास मोठा. मागच्या पिकात ईएचपी होता का, तलाव किती दिवस वाळवला, हेक्टरी सुमारे ६ टन कळीचा चुना घालून मातीचा सामू १२ पर्यंत नेला का, हे त्या तलावाच्या नोंदीत हवे.

तिसरी गोष्ट रंगांची. ‘संशय’, ‘पीसीआर तपासणीने खात्री’, ‘तपासले, रोग नाही’ आणि ‘तपासलेच नाही’ असे चार रंग ठेवावेत. चौथा रंग नसला की पाहणाऱ्याचा मोठा गैरसमज होतो, कारण कोरी जागा त्याला निरोगी वाटते. खात्री करायची असेल, तर रोगट पण जिवंत कोळंबी ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवून पाठवावी. मेलेली, सडू लागलेली कोळंबी बर्फात घालून आणतात आणि मग उत्तर मिळत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

जलजीवांच्या रोगांचा राष्ट्रीय निरीक्षण कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. लखनौचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो त्याचे समन्वयन करतो. २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाईल ॲपही आले, ज्यातून संवर्धक स्वतः रोगाची माहिती कळवू शकतो. आपला नकाशा आपल्यापाशी असावाच, पण रोगाची नोंद तिथेही करावी.

प्रतिसाद: तलावधनी

सर्वांचे म्हणणे पटते, पण माझी अडचण वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या तलावात रोग आल्याची बातमी बाहेर फुटली. तेव्हा माझी कोळंबी पंधरा ग्रॅमची होती आणि दुसऱ्या दिवशी ती काढायची असे ठरले होते. व्यापाऱ्याने रात्रीतून दर पाडला. शेजारच्या निरोगी तलावालाही त्याने तोच दर लावला, आणि तो शेजारी आजपर्यंत माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही. असा अनुभव घेतलेला माणूस आपला तलाव नकाशावर लाल रंगात का दाखवू देईल? मी तरी दाखवू देणार नाही. नकाशा कोण पाहणार आणि कोण पाहणार नाही, हे आधी लेखी ठरल्याशिवाय ही वही पूर्ण होणार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रतिसाद: चिंबोरी

आमच्या बचतगटाच्या बायका कांदळवनालगत खेकडे पोसतात. खेकड्याच्या अंगात हा विषाणू राहतो आणि तो स्वतः आजारी दिसत नाही, हे आम्हांला प्रशिक्षणात सांगितले होते, त्यामुळे ते मी नाकारत नाही. परंतु आमच्या खाडीवर कोळंबीत रोग आला की पहिले बोट आमच्याकडे दाखवले जाते आणि दुसरे कांदळवनाकडे. रानटी खेकडा तर खाडीत सगळीकडे आहे; तो रात्री बांधावरून चालत तलावात जातो. तलावाच्या चारी बाजूंनी खेकड्यांना अडवणारे प्लास्टिकचे कुंपण घालणे हे तलाववाल्याचे काम आहे. नकाशात कुंपण आहे की नाही, पक्षी अडवायला दोऱ्या बांधल्या आहेत की नाही, ही माहितीही भरा, म्हणजे कोणाच्या बाजूने दार उघडे आहे ते समजेल. आमच्या खेकड्यांच्या पेट्या नकाशावर दाखवायला आमची हरकत नाही. मात्र त्या सर्वांबरोबर दाखवाव्यात, एकट्या नव्हे.

प्रतिसाद: जिताडा_पेण

आमच्याकडे कोळंबीपेक्षा जिताडा मासा महत्त्वाचा. आमच्या शेततळ्यांत पावसाचे पाणी असते आणि खाडीचे पाणी उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) किंवा बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तरच येते. उधाणाला बांध फुटला की एका रात्रीत दहा तळी एकमेकांना जोडली जातात, आणि तुम्ही काढलेली पाण्याची वाट त्या रात्रीपुरती खोटी ठरते. तेव्हा रायगडसाठी नकाशा करायचा झाला, तर खारभूमीचे बांध, उघाड्या आणि जिथे वारंवार खांडी जातात त्या जागा आधी टिपाव्या लागतील. माशांच्या अंगावर व्रण दिसले, तर त्या वर्षी कोणत्या खांडीतून पाणी आले हे तरी सांगता येईल.

प्रतिसाद: खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येकाला थोडक्यात उत्तर देतो.

सूक्ष्मदर्शी, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि मी घाईने निष्कर्ष काढला होता. चौघांच्या पावत्या मागवून पाहिल्या. माझे आणि सर्वांत खालच्या तलावाचे बीज एकाच खेपेचे निघाले. वरच्या तलावाचे बीज वेगळ्या हॅचरीचे होते आणि पीसीआरचा दाखलाही त्यासोबत होता. म्हणजे खालचा तलाव आणि माझा तलाव यांच्यात बीजाचा दुवा असू शकतो आणि माझ्यापासून वर गेलेला दुवा कदाचित पाण्याचा. स्कॉटलंडमध्येही पाण्याच्या बरोबरीने जिवंत मासे नेणाऱ्या बोटींनी रोग लांबवर पोहोचवला होता, हे मी आधी लिहायला हवे होते. आता बीजाच्या खेपेच्या रेषा नकाशावर वेगळ्या रंगात काढल्या आहेत आणि चार रंगांची तुमची सूचनाही घेतली आहे.

तलावधनी, तुमच्या अनुभवावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण आम्ही असे ठरवले आहे. खाडीचे दीड-दीड किमीचे टप्पे पाडले असून वहीतल्या सभासदांना फक्त ‘चौथ्या टप्प्यात संशय आहे’ एवढाच निरोप जातो. कोणता तलाव ते एका माणसालाच ठाऊक असते आणि त्याची निवड सर्वांनी मिळून केली आहे. व्यापाऱ्यांना किंवा बीज विक्रेत्यांना नकाशा द्यायचा नाही, हे कागदावर लिहून सातही जणांनी सह्या केल्या आहेत. ज्या टप्प्यात एकच तलाव आहे तो शेजारच्या टप्प्यात मिसळला आहे, म्हणजे टप्पा सांगितल्याने माणूस ओळखू येणार नाही. रोग कळवणाऱ्याने पाणी अडवून ठेवले, तर ब्लीचिंगचा अर्धा खर्च गटाने उचलावा, असाही विचार चालू आहे. त्यावर अजून एकमत नाही. तुम्ही बैठकीला आलात तर बरे होईल.

चिंबोरीताई, कुंपण आणि दोऱ्यांचा रकाना आजच वहीत घातला. माझ्या स्वतःच्या तलावाला खाडीच्या बाजूने कुंपण नव्हते, हे त्यात पहिल्या ओळीत लिहिले आहे.

जिताडा_पेण, खांडींचा मुद्दा आमच्याकडेही थोडा लागू आहे, पण रायगडचा नकाशा तिथल्या माणसांनीच करायला हवा. आमच्या वहीचा नमुना पाठवतो.

पाऊणपट यांच्या सांगण्यावर मात्र आम्ही प्रत्यक्ष प्रयोग केला. पौर्णिमेच्या पहाटे, भरती लागताना, माझ्या मोरीपाशी बारा शहाळी पाण्यात सोडली. शहाळे बहुतेक पाण्याखाली राहते, त्यामुळे त्याच्यावर वाऱ्याचा जोर कमी चालतो आणि ते पाण्याबरोबर जाते. प्रत्येकावर लाल रंगाने आकडा घातला होता. दोन होड्या मागे ठेवल्या आणि दर अर्ध्या तासाने मोबाईलवर त्यांची जागा नोंदवली. नऊ शहाळी परत मिळाली. त्यांतली पाच मुख्य पात्रातून साडेपाच किमीपर्यंत वर गेली आणि मुखाशी ओहोटी लागल्यावरही जवळजवळ पाऊण तास वरच सरकत राहिली. दोन कांदळवनात अडकली. उरलेली दोन, आठ आणि अकरा क्रमांकाची, डाव्या हाताच्या एका अरुंद उपखाडीत शिरली. उपग्रहाच्या चित्रात ती झाडांखाली झाकलेली असल्याने नकाशावेडा यांनी सांगितलेल्या पद्धतीत ती जमीन म्हणूनच आली होती. ती दोन्ही शहाळी जिथे थांबली, तिथून चाळीस पावलांवर चौथ्या रोगग्रस्त तलावाचा पंप आहे. त्या तलावात रोग पक्ष्यांनी आणला असे आम्ही वर्षभर धरून चाललो होतो.

उपखाडीची रेषा कालच हाताने नकाशावर काढली. तो पंप कोणत्या तिथींना, किती वाजता चालतो, हे विचारायला उद्या सकाळी तिकडे जात आहे.